गरम पाण्याला पाय फुटले

"लिहा, भाऊजी," मेहुणा म्हणाला आणि डोळे मिटून खुर्चीत मागे रेलला. "‘चाणाक्ष. खाजगी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची...’"

"नाक कुणाचं?"

"नाक माझंच. ‘एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही. ज्याच्या नुसत्या चाहुलीनं गुन्हेगारांच्या पायाखालची वाळू सरकते आणि ज्याच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते असा...’ लिहिलं?"

"वाळूपर्यंत आलोय."

"सावकाश लिहा. अक्षर चांगलं काढा. पाटी रंगवणारा तुमच्यावरूनच उतरवणार आहे."

माझं चष्म्यांचं दुकान आहे, त्यामुळे घारीच्या नजरेचा नंबर मला ठाऊक आहे. चष्मा काढला की ही घार समोरच्या खांबाला नमस्कार करते. मांजराच्या चालीनं दुकानातली स्टुलं वारंवार उलथवली आहेत. राहता राहिले सशाचे कान. जेवायला हाक मारली की ते खरोखरच सशाचे होतात, एवढं मात्र मान्य करायला हवं.

तरीही दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा टाकून त्याचं कार्यालय आहे आणि त्याचा सहायक म्हणून मी आहे. कारण तो माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ. माणूस गुन्हेगाराच्या तावडीतून सुटू शकतो, मेहुण्याच्या नाही. आजवर त्यानं हरवलेली एक छत्री शोधली, ती त्याच्याच हातात निघाली. मग एक पोपट शोधला. तो पोपट तपासाला कंटाळून आपणहून घरी परतला.

‘बोलती बंद होते असा’च्या पुढे काय घालावं यावर आमची चर्चा चालू होती. तेवढ्यात मफलर गुंडाळलेले एक भरदार गृहस्थ पडदा सारून आत आले.

"मी पलीकडच्या चार मजली इमारतीचा सेक्रेटरी," ते म्हणाले. "आमच्या तोंडचं पाणी पळालंय."

"कोणत्या दिशेनं?" मेहुण्यानं विचारलं.

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना खुर्ची दिली. अशा वेळी बसलेलं बरं असतं.

हकिगत अशी होती. इमारतीच्या गच्चीवर उन्हानं पाणी तापवणारी तावदानं बसवली होती. गच्ची जुनी, टाकीचं वजन तिला झेपणार नाही म्हणून पाण्याची मोठी टाकी खाली जिन्यालगतच्या खोलीत ठेवली होती. पंप टाकीतलं पाणी गच्चीवर ढकलायचा, तिथं ते उन्हात तापायचं आणि पुन्हा टाकीत यायचं. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉईलही होती, पण तिच्या खटक्यावर सेक्रेटरींनी डबी बसवून तिला कुलूप घातलं होतं. "सूर्य असताना विजेला हात लावायचा नाही, हे माझं तत्त्व," ते म्हणाले. त्यांच्या तत्त्वानं अख्खी इमारत थंडीत कुडकुडत होती, कारण काही दिवसांपासून सकाळी नळाला गार पाणी यायला लागलं होतं.

"संध्याकाळी टाकीच्या नळाखाली हात धरला तर चटका बसतो. सकाळी तोच हात धरला तर हुडहुडी भरते. आणि टाकी मात्र काठोकाठ!"

"हात तोच?"

"तोच."

"म्हणजे हातावर संशय नाही. लिहा, भाऊजी."

"संशय कुणावर घ्यायचा ते मी ठरवलेलंच आहे," सेक्रेटरी पुढे झुकले. "तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. पोहायला शिकवते. आई आणि ती, दोघीच असतात. रात्रभर आंघोळी करून गरम पाणी उपसतात, तेवढंच गार पाणी टाकीत भरतं. मी नोटीस लावलीय. महिनाअखेर जागा सोडायची. तुम्ही फक्त पुरावा आणा."

"पोहायला शिकवते!" मेहुणा ताडकन उठला. स्टूल पडलं. "भाऊजी, जिचं पोटच पाण्यावर चालतं, ती पाण्यावर हात मारणार नाही तर कोण मारणार?"

मला हे पटलं नाही. मी दिवसभर चष्मे विकतो, पण रात्री शेजाऱ्यांचे चष्मे चोरत नाही. पण सहायकाच्या मताला विचारतो कोण?

दुपारी आम्ही इमारतीत गेलो. जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस होती: ‘तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरूंनी गरम पाण्याचा गैरवापर केल्यामुळे...’ वगैरे. वर चढत असताना वरून उतरणारी भाडेकरू बाई समोरच आली. खांद्याला पिशवी, केस आखूड, चाल झपाझप.

मेहुण्यानं आवाज खाली आणला. "आपले केस ओले दिसतात."

"तलावावरून आले. कोरडे असते तर नोकरी गेली असती."

"म्हणजे आंघोळ झाली?"

"तिथंच करते, रोज. अहो, सकाळपासून गळ्यापर्यंत पाण्यात उभी असते मी. घरी येऊन परत पाण्यात बसेन का? हलवाई घरी जाऊन साखर खातो का?" ती एक पायरी खाली उतरली. आता तिची नजर त्याच्या नजरेच्या बरोबर समोर होती. "तुम्हीच ना ते पुरावा शोधणारे? मग शोधाच. आईचे गुडघे आखडलेत. सकाळी गरम पाण्यानं शेकले तरच तिला उठता येतं. पाणी गार यायला लागल्यापासून ती खाली उतरलेली नाही. मी शेगडीवर पातेलंभर तापवून देते आणि तलावावर पळते. गरम पाणी मी चोरलं असतं तर तिला आधी दिलं नसतं?"

एवढं बोलून ती निघून गेली. वरच्या उघड्या दारातून एका म्हातारीचा आवाज आला, "कोण गं? पाणी आलं का?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. तो जरासा वरमला होता. तरी म्हणाला, "फारच सफाईनं बोलली. सफाईची सवय कुणाला असते? भरपूर आंघोळ करणाऱ्याला."

सेक्रेटरी त्या बाईला पाण्यात पाहत होते हे उघड होतं. आता माझा मेहुणाही पाहू लागला. बिचारी घरी आली तरी तिची पाण्यातून सुटका नव्हती.

पण त्याच्या डोक्यात सिद्धांत फार वेळ मुक्काम करत नाहीत. खाली उतरताना त्याला भिंतीत खळखळ ऐकू आली. त्यानं भिंतीला सशाचा कान लावला. "ऐका! गुप्त पाइप! भिंतीपलीकडे कोण आहे?"

पलीकडे इस्त्रीवाल्याचं दुकान होतं.

"वाफ! त्याला वाफ लागते! भाऊजी, इथं पाणी मुरतंय."

पाणी खरंच मुरत होतं. मेहुण्यानं पाइपचं टोक शोधून त्याचं झाकण फिरवलं तेव्हा ते बाहेर आलं, आणि ते गरम नव्हतं. स्वच्छ तर मुळीच नव्हतं. चौथ्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं. इस्त्रीवाल्यानं आमची दशा पाहिली, कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली आणि काही न विचारता एक जुना पंचा पुढे केला. त्याच्या दुकानात नळसुद्धा नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त विज्ञान शिक्षक राहत होते. त्यांना इमारतीत सगळे मास्तर म्हणत. आमच्या अंगाचा वास येत असूनही त्यांनी आम्हाला आत घेतलं, कारण त्यांना समजावून सांगायला कुणीतरी हवंच होतं. त्यांनी शेगडीवर काचेच्या भांड्यात पाणी ठेवलं आणि त्यात चिमूटभर चहाची भुकटी टाकली.

"बघा. तळाचं पाणी तापलं की हलकं होतं आणि वर चढतं. वरचं गार पाणी जड, ते खाली उतरतं. पावडर कशी गोल फिरते पाहा! टाकी तावदानांच्या वर ठेवली, तर हेच चक्र आपोआप चालतं. पंप नको, काही नको. पण आपली टाकी खाली. गरम पाणी आपणहून खाली येणार नाही, म्हणून पंपानं फिरवावं लागतं."

मेहुणा पावडरीकडे टक लावून पाहत होता. एकदम त्यानं मांडीवर थाप मारली. "सापडलं! गरम पाणी स्वभावानंच वर चढतं! रोज रात्री ते टाकीतून निसटून गच्चीवर पळतं! हा चोरीचा गुन्हाच नाही, हे पलायन आहे!"

मास्तर हसले. "कल्पना चांगली आहे. पण पाइपात एकमार्गी झडप बसवलेली आहे. तिच्यामुळे पाणी आपल्या मनानं उलटं जाऊ शकत नाही. कुणीतरी ढकलल्याशिवाय ते रात्री फिरणार नाही."

"कुणीतरी!" मेहुणा कुजबुजला. "ऐकलंत, भाऊजी? कुणीतरी."

आता मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या क्षणी सत्य आमच्या मांडीवर येऊन बसलं होतं. आम्ही त्याला खाली उतरवलं आणि पुढे निघालो.

त्या ‘कुणीतरी’ला पकडण्यासाठी संध्याकाळी आम्ही टाकीच्या खोलीत दबा धरला. खोली एवढीशी. मध्ये जाड आवरणाची गोलमटोल टाकी, तिच्या पोटावर चकचकीत पितळी पाटी: ‘सन्माननीय सेक्रेटरी यांच्या कारकिर्दीत, यांच्याच प्रेरणेनं व यांच्याच शुभहस्ते’. शेजारी पंप, पंपावर हिरवा दिवा लागलेली एक पेटी. खिडकीची काच फुटलेली, बाहेरचा गार वारा थेट आत. बाहेर अंधारून आलं होतं. पंप आपला गुणगुणत होता.

"या अख्ख्या इमारतीत," मेहुणा हळूच म्हणाला, "हा पंप एकटा प्रामाणिक आहे. बघा, सूर्य मावळला तरी राबतोय."

"खरंय," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं, ते कुणाला सांगू नका.

दार करकरलं. मेहुण्यानं माझा दंड आवळला. आत एक आकृती आली, चालत सरळ टाकीपर्यंत गेली आणि मेहुण्यानं त्या आकृतीवर झेप घेतली.

"बाळ्या!" आकृती ओरडली. "मेल्या, हे काय!"

ती त्याची ताई होती. म्हणजे माझी बायको. तिच्या हातात त्याचा स्वेटर होता.

"थंडीत ओल्या अंगानं फिरतोयस असं इस्त्रीवाला सांगत होता. आणि तुम्ही हो?" हे मला. "तो वेडा आहे, तुम्ही तर शहाणे ना? घाल आधी हे."

गडबड ऐकून सेक्रेटरी धावत आले, त्यांच्यामागून मास्तर. सेक्रेटरींनी आल्या आल्या विचारलं, "पकडली?"

"पकडली," मी म्हणालो. "पण ही आमची आहे."

मेहुणा स्वेटरात डोकं अडकवून धडपडत होता. त्याला बाहेर काढता काढता हिचा तोल गेला, तिनं आधाराला भिंतीवरचा पाइप धरला आणि पटकन हात मागे घेतला. "आई गं! केवढा गरम!" मग दुसऱ्या पाइपाला जपून बोट लावलं. "आणि हा गार." तिनं दोन्ही पाइपांवरून नजर फिरवली. "हा गरम कुठं जातो?"

"वर. गच्चीवर," मास्तर म्हणाले.

"आणि गार?"

"गच्चीवरून खाली टाकी..." मास्तरांचं वाक्य तिथंच थांबलं.

"अहो, मग ऊन गेल्यावर गरम पाणी वर कशाला पाठवताय? हवा खायला?"

आमची बोलती खरोखरच बंद झाली होती.

"पेटी बिघडली की काय?" मास्तर पुढे सरसावले. "एक तापमापक वर तावदानात असतो, एक इथं टाकीच्या खाचेत. वरचं तापमान खालच्यापेक्षा जास्त असलं तरच पेटी पंप चालू करते. संध्याकाळी वर गार झालं की पंप बंद व्हायलाच हवा."

"टाकीच्या खाचेत?" हिनं विचारलं. "मग तो खिळ्याला काय लटकतोय?"

फुटक्या खिडकीशेजारी, भिंतीतल्या एका खिळ्याला, काळजीपूर्वक वेटोळं केलेली एक वायर टांगली होती. तिच्या टोकाला धातूची बोटभर काडी. वाऱ्यानं हलत होती.

"ती होय!" सेक्रेटरी मोकळेपणानं हसत म्हणाले. "ती मीच काढून ठेवली. पाटी बसवल्यावर आडवी यायची हो. नेमकी माझ्या नावावरून."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. सेक्रेटरी हसायचे थांबले.

"बाळ्या," ही सावकाश म्हणाली, "तुला आठवतं? शाळा बुडवायची असली की तू थर्मामीटर चहात बुडवायचास. तुला ताप चढलाय म्हणून आई दिवसभर तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसायची. इथं त्याच्या उलटं झालंय. पेशंट फणफणलाय आणि थर्मामीटर खुंटीला. पेटीला वाटतंय, टाकी गारठली. वरून ऊब आणा, ऊब आणा!"

"आणि वर ऊब कसली?" मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "आपलंच गरम पाणी वर गेल्यामुळे वरचा तापमापक गरम! ते पाहून पंप आणखी पाणी पाठवणार, ते वर जाऊन निवणार. सकाळपर्यंत आपण सगळ्या आभाळाला शेक देतोय."

तिनं काडी टाकीच्या खाचेत घातली. त्यासाठी पाटी किंचित वाकडी करावी लागली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पंपाचा सूर खाली आला आणि थांबला.

"बंद पडला!" सेक्रेटरी किंचाळले.

"झोपला हो," ही म्हणाली. "दमला होता बिचारा."

मास्तर आणि ही बाहेर गेली तसं सेक्रेटरींनी दार लोटून घेतलं. मफलर सारखा केला.

"झालं ते झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "हे चार भिंतींतच राहू द्या. तुमच्या अहवालात ‘तांत्रिक कारण’ म्हणा. नोटीस लागलीच आहे, ती राहू दे. मागे घेतली तर माझी काय शोभा राहील? ती बाई काय, दुसरीकडे जागा बघेल. तुमचं नाव मी सगळ्या इमारतींत करून देतो. अशी गिऱ्हाइकं पाठवतो की पडदा पुरायचा नाही."

मला वाटलं, आता हा विरघळणार. नावासाठी त्यानं सकाळपासून मला लिहायला बसवलं होतं. मेहुण्यानं पाटीकडे पाहिलं. मग चष्मा काढून स्वेटरला पुसला.

"साहेब," तो म्हणाला, "मी चुकीच्या माणसामागे लागतो, हे मला मान्य आहे. नेहमीच लागतो. पण माणूस चुकीचा आहे हे कळलं की मी पाठलाग सोडतो. माझ्या धंद्यात मला जमणारी तेवढी एकच गोष्ट आहे. ती तुम्ही मागू नका."

आणि चष्मा न घालताच तो रुबाबात दाराकडे निघाला व भिंतीवर आपटला. मी त्याला दार दाखवलं. पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला त्याची लाज वाटली नाही.

सकाळी जिन्याखाली सगळी इमारत जमली. नळाला कढत पाणी आलं होतं आणि माणसं लालबुंद, प्रसन्न चेहऱ्यांनी उभी होती. मेहुण्यानं तिसऱ्या पायरीवर उभं राहून भाषण केलं. पाइप आपण चाचपले, तापमापक आपण हेरला, थर्मामीटरचा सिद्धांत आपण मांडला, असं त्यानं सांगितलं. माझी बायको शेजारी उभी राहून मान डोलवत होती. मी तिला कोपर मारलं, तर म्हणाली, "असू द्या हो. चहात बुडवायचा तोच ना? मूळ कल्पना त्याचीच."

शेवटी त्यानं हात उंच करून बोट रोखलं. बोट मास्तरांवर गेलं. मी ते हळूच सेक्रेटरींकडे वळवलं.

सेक्रेटरींनी खाकरून नोटीस काढली आणि तिच्या जागी दुसरा कागद लावला: ‘तिसऱ्या मजल्याबाबतची नोटीस तांत्रिक कारणामुळे रद्द.’ पोहायला शिकवणारी बाई गर्दीतून पुढे आली. तिनं तो कागद वाचला, मास्तरांच्या खिशातलं पेन घेतलं आणि खाली एक ओळ जोडली: ‘तांत्रिक कारण : सेक्रेटरी.’ पेन परत खिशात ठेवलं. कुणी हसलं नाही. म्हणजे सुरुवातीला नाही.

हसण्याचा गोंधळ चालू असतानाच जिन्यावरून पावलं वाजली. सावकाश, एकेक. भाडेकरू बाईनं वर पाहिलं. तिची आई कठडा धरून उतरत होती. केस ओले, चेहरा शेकून निघालेला.

"आई! अगं, हाक तरी मारायचीस!"

"मारली की. खाली तुमचा एवढा गलका, ऐकतंय कोण?" म्हातारी शेवटच्या पायरीवर थांबली, दम घेतला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाली, "टाकीचा ताप काढला तो डॉक्टर कुठला?"

सगळे मेहुण्याकडे वळले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. ती नजर चुकवून फळा वाचू लागली. तो पुढे झाला.

"मीच," तो म्हणाला.

"मग माझेही गुडघे बघून सांगा बाबा. फरक वाटतोय, पण मनाचे खेळ आहेत की काय, कळत नाही."

तिनं पातळ किंचित वर केलं. मेहुणा पायरीशी उकिडवा बसला. आजवर त्याला इतकं गंभीर मी कधी पाहिलं नव्हतं. बोटानं चष्मा वर सरकवला, आधी उजवा गुडघा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा. तिच्या मागे वळून जिन्याच्या पायऱ्याही वरपर्यंत पाहिल्या.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही तीन मजले उतरून आला आहात."

"हो की रे," म्हातारी म्हणाली आणि आपल्या पायांकडे बघतच राहिली.